वाचनालयातनं कामाला लागलेल्या पोरापोरींनो, तुमचे अनुभव इथं लिहा

रविवारची पाळी:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या वाचनालयात आम्ही सहा महिन्यांची एक तुकडी चालवतो. शाळा सुटलेली, घरात धड कमावतं कुणी नाही अशी पोरं. सकाळी वाचनालयाचंच खरं काम, म्हणजे नव्या पुस्तकांची दाखल नोंद, देवघेव, कपाटं लावणं, कॉम्प्युटरवर एंट्री, आणि संध्याकाळी प्रत्येकाला एक ताई नाहीतर दादा जोडून दिलेला, जो अर्ज, मुलाखत, दाखले सगळ्यात बरोबर राहतो. मानधन थोडंच, देणगीतनं. आता नवी तुकडी घ्यायचीय आणि कमिटीत काहीजण विचारायलेत, हे वाचनालयाचं काम आहे काय? मला विचाराल तर आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, म्हणजे वाचायची सोय या गावाला जुनी आहे, पण १९०१ पासनं शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी करायला घेतली ती कशासाठी? पोरगं हुशार आहे पण टेकायला जागा नाही म्हणून मागं राहू नये, एवढ्यासाठीच ना. पण माझं राहू दे, जे यातनं गेलेत त्यांनी लिहा, वाईट आलं असेल तर तेपण.

स्टोअरवाला:
मी दहावीला गणितात गेलो, वडील मार्केट यार्डात हमाल. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं पुस्तकं लावायला काय शिकायचं असतंय. मग मॅडमनी पुस्तकावरचा ८९१.४६ हा विषयाचा नंबर दाखवला, म्हणजे मराठी साहित्य, पॉइंटच्या पुढचा एक आकडा चुकला की पुस्तक कपाटात असूनबी हरवलं. तसं माझ्याकडनं एकदा झालंपण, एक आजोबा एका पुस्तकासाठी तीन दिवस हेलपाटे घालत होते आणि ते मीच भलत्या कप्प्यात घातलेलं, अजून आठवलं की कसंतरी होतंय. आता गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत स्टोअरला आहे. तिथंबी तेच, रॅक नंबर, कप्पा, बिन कार्ड, आलेला माल चढवायचा, दिलेला उतरवायचा, शिल्लक जुळाय पाहिजे. मुलाखतीत साहेबांनी अनुभव विचारला तर मी सांगितलं, वाचनालयाची वार्षिक पडताळणी केलीय, एकेक पुस्तक हातात घेऊन रजिस्टरशी लावलंय, जे घावलं नाही त्याची यादी काढलीय. ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हटले सोमवारपासनं ये. गणितात नापास हे त्यांनी विचारलंच नाही. (नंतर पुरवणी परीक्षेला बसून सुटलो, दादांनी रोज रात्री तासभर घेतलं म्हणून.)

मी आलो:
आमच्याकडं पोरीबी मी आलो, मी गेलो म्हणतात, हे इथल्यांना सांगायला नको. एका पुण्याच्या ऑफिसची फोनवर मुलाखत होती, मी म्हटलो 'मी बारावी पास झालो', तर पलीकडं दोघं हसले. परत बोलायला लावलं आणि परत हसले. फोन ठेवला आणि पुढच्या दोन मुलाखतींना मी गेलोच नाही, ताईला सांगितलो पोट दुखतंय. तिनं ओळखलं. माझी ताई बँकेतनं रिटायर झालेली. तिनं भाषा सुधार म्हणून अजिबात सांगितलं नाही, म्हटली घरात बोलतीस ते तुझंच आहे, ते टाकू नको, फक्त ऑफिसात 'आले, गेले' पण सहज यायला पाहिजे, दोन्ही ठेव. मग रोज संध्याकाळी बालविभागात मला गोष्ट वाचून दाखवायला बसवलं. समोर वीसभर पोरं. पहिल्या आठवड्यात आवाजच निघत नव्हता, आणि लहान पोरं लगेच सांगतात की ऐकू येईना. दोन महिन्यांत माझी भीती गेली. आता एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, गावाकडनं पेशंट आले की मी आलो-गेलोच बोलतो, त्यांना बरं वाटतंय.

पहाटे पाच:
माझं नाही जमलं, तेपण लिहितो. पोलीस भरती. ग्राउंड ५० चं, त्यात चांगले मार्क पडले, १६०० मीटर दम धरून मारलं, पण लेखी १०० ची, तिथं तीन मार्कानं राहिलो. दादा आधीपासनं सांगत होते भरतीच्या जोडीला मराठी टायपिंग, मिनिटाला ३० शब्दांचं, करून ठेव, मी ऐकलं नाही. आता करतोय.

अठरा पूर्ण:
मी बालगृहात वाढलोय. अठरा झाली की तिथनं निघायचं असतंय, मग काही दिवस मित्राच्या खोलीवर काढले. वाचनालयाचा फॉर्म भरताना पालकाचं नाव आलं आणि मी पेन ठेवला. काऊंटरवरच्या काकांनी काही विचारलं नाही, तिथं स्वतःचं नाव घातलं, जामीन म्हणून सहीपण केली. माझ्यासाठी सही करणारं ते पहिलंच माणूस. अनाथ प्रमाणपत्र नावाचा दाखला असतोय, महिला व बालविकास विभागाकडनं मिळतोय, २०१८ पासनं राज्यात नोकरी-शिक्षणात अनाथांसाठी एक टक्का जागा आहेत, हे मला वीस वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हतं. ताईनं शोधून काढलं आणि दाखल्यासाठी सहा हेलपाटे माझ्याबरोबर मारले, उन्हातनं. सध्या आयटीआय करतोय, वायरमन. ज्यांच्याकडं अशी पोरं येतात त्यांनी आधी हा दाखला बघा, कोर्स नंतर.

नाव नको:
दुसऱ्या एका वाचनालयात मी अशाच योजनेत होतो. चार महिने झाडलोट, चहा आणणं आणि पेपर फायलीला लावणं, कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. मानधन तिसऱ्या महिन्यापासनं बंद झालं आणि कुणी कारणपण सांगितलं नाही. सर्टिफिकेट मात्र फ्रेम करून दिलं, त्याचा फोटो काढला. नवीन तुकडी घेताय तर पैसे आधी बाजूला काढून ठेवा, नाहीतर घेऊ नका. गरिबाच्या पोराचे चार महिने फुकटचे नसतात.

रिटायर मास्तर:
वरचं वाचून मन खट्टू झालं, पण बरोबर लिहिलंय. मी दादा म्हणून तीन पोरांबरोबर होतो. पहिल्याला मी नुसती भाषणं दिली, वेळेचं महत्त्व आणि काय काय. तो यायचा बंद झाला. घरी गेलो तर कळलं तो रात्रपाळीला यंत्रमागावर जात होता, सकाळी इचलकरंजीहून सरळ वाचनालयात यायचा, आणि मी त्याला उशिरा आला म्हणून बोलत होतो. त्याची मी माफी मागितली, पण तो परत आला नाही. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी तीनच गोष्टी विचारतो. जेवलास काय, येतोस कशानं, रात्री कुठं असतोस. बाकीचं सगळं नंतर.

रविवारची पाळी:
सगळ्यांचं वाचलं. मानधनाचं बरोबर आहे, सहा महिन्यांची रक्कम आधी खात्यात जमा झाल्याशिवाय तुकडी सुरू करायची नाही असं उद्याच्या बैठकीत मांडतो, आणि मास्तरांचे तीन प्रश्न फॉर्मच्या वर छापून घेतो. पालकाच्या नावाचा रकाना काढून टाकतोय. मी आलो, बालविभागात सध्या गोष्ट वाचायला कुणी नाही, शनिवारी सहाला जमतंय काय बघ.

मी आलो:
ड्युटी पाचला सुटतीय. येतो.