मेळघाटला जातोय, कुणी गेलंय का?

प्रेषक: फैजपूरवाला
विषय: मेळघाटला जातोय, कुणी गेलंय का?

मंडळी, नमस्कार.

फैजपूरला येऊन आठवडा झाला. भरीत तीनदा झालं, चौथं उद्या मळ्यात आहे (वांगी बामणोदची, त्यामुळे तक्रार नाही). आता मुद्द्याचं. अकरा वर्षं जोहान्सबर्गला राहून एकदाही सफारीला न गेलेला माणूस म्हणून दर स्नेहसंमेलनात माझी जी चेष्टा होते, ती संपवायचं ठरवलंय. पण तिकडच्या क्रुगर अभयारण्यात नाही, मेळघाटला. मेहुण्याची गाडी मिळालीय. आम्ही तिघं आणि आप्पा. रावेर, बऱ्हाणपूर, देडतलाई, धारणी, हरिसाल आणि मुक्काम सेमाडोहला, असा बेत आहे. कुणी या रस्त्यानं गेलं असेल तर सांगा.

आप्पांचं मत विचारू नका. "वाघ पाहायला पैसे कशाले? मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याच्या केळीत जाय, तिथं फुकट दिसते." त्या भागातल्या केळीच्या बागांत खरंच वाघ वावरतात. तिथले शेतकरी पाणी द्यायला रात्री एकटे जात नाहीत.

प्रेषक: क्रुगरकाका
विषय: उत्तर: मेळघाटला जातोय, कुणी गेलंय का?

अरे, घरापासून चारशे किलोमीटरवर क्रुगर. एन-फोरला लागायचं आणि दुपारच्या जेवणाला गेटात. ते सोडून हा माणूस समुद्र ओलांडून सफारीला निघाला!

माझं स्पष्ट मत ऐक. क्रुगर एकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. आपली गाडी आपण चालवायची, डांबरी रस्त्यावर ताशी पन्नास, कच्च्यावर चाळीस, आणि सूर्य मावळायच्या आत कॅम्पात परत. पहिल्या तासात इम्पाला इतके दिसतात की पोरं मोजणं सोडून देतात. तिकडे तुला जिप्सीत बसवतील, दुसराच कुणी चालवेल, आणि सागाच्या पानांमागे काय आहे ते पानांनाच ठाऊक. निराश होऊ नकोस एवढंच. आणि हो, येताना केळीचे वेफर्स, सावद्याचे, दोन किलो. मिरीचे, मसाल्याचे नकोत.

प्रेषक: अकोटची माहेरवाशीण
विषय: उत्तर: उत्तर: मेळघाटला जातोय

काका, क्रुगरमध्ये वाघ दाखवा, मग बोलू. अख्ख्या आफ्रिकेच्या जंगलात एक नाही. १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशात पहिले जे नऊ निवडले, त्यात आमचं मेळघाट होतं.

भाऊ, माझं माहेर दक्षिणेच्या अंगाला, नरनाळा-शहानूरकडचं, पण तुमचाही रस्ता माहितीचा आहे. डिझेल धारणीला भरून घ्या. पुढे फोनच्या भरवशावर राहू नका, वहिनींना आधीच सांगून ठेवा. अंधार पडायच्या आत सेमाडोहला पोचा. रस्त्यात गवा उभा असला तर हॉर्न काहून वाजवायचा? इंजिन बंद करा, त्याच्या मनात आलं की जाईल. स्वेटर पिशवीत नाही, अंगावर ठेवा. वाघासाठी खरं तर एप्रिल-मे, पाणवठे आटले की जनावर पाण्यावर येतं. डिसेंबरात जंगल दाट असतं. पण पोरीला उन्हात भाजून काढण्यापेक्षा आत्ताच बरं.

आणि बुकिंगला जे ओळखपत्र टाकलं तेच सोबत न्या. हे दोनदा वाचा.

प्रेषक: फैजपूरवाला
विषय: जाऊन आलो (लांब आहे, चहा घेऊन बसा)

ताई, दोनदा वाचलं होतं हो. तरी विसरलो.

पण पहिल्यापासून सांगतो. सकाळी साडेसहाला निघालो. सावदा-रावेर पट्ट्यात दोन्ही बाजूंना केळीच केळी. ओल्या पाल्याचा वास गाडीत भरला, आणि वाटेत घडांनी लादलेले ट्रक. एकामागून तीन ट्रक पुढे गेल्यावर लेकीनं विचारलं, "हे सगळं खातं कोण?" आप्पा म्हणाले, "दिल्लीवाले." एवढ्यावर तिचं समाधान झालं.

बऱ्हाणपूरला पाट्या हिंदी झाल्या तशी बायको म्हणाली, आलं मध्य प्रदेश. आप्पा लगेच उसळले. "हे खानदेशच आहे. फारुकी राजांची गादी इथं होती." मग त्यांनी मावा जिलेबीच्या दुकानापुढे गाडी थांबवायला लावली. काळपट, जाड, पाकात बुडालेली, एकीत पोट भरतं. त्यांनी दोन खाल्ल्या. साखरेच्या गोळीचं मी विचारलं तर म्हणाले, "फारुकीच्या राजात गोळी नसते."

देडतलाई सोडली आणि केळी संपली. तूर, कापूस, मग उतारावर साग. धारणीला परत महाराष्ट्र. तिथून पुढे गाडीत कुणी बोलेना, का ते माहीत नाही. अंगणं शेणानं स्वच्छ सारवलेली कोरकूंची घरं मधूनमधून लागत होती. सेमाडोहच्या अलीकडे सिपना नदी दिसली. खडकांतून वाहणारं, गुडघाभर, तळ दिसणारं पाणी. मी आपली माहिती दिली की सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार या मेळघाटच्या साऱ्या नद्या तापीला मिळतात. आप्पांनी काच खाली केली आणि बराच वेळ पाहत राहिले. "म्हणजे हतनूरच्या धरणाले येते ते हे पाणी," म्हणाले. पन्नास वर्षं केळीला पाणी दिलं त्यांनी.

आता ओळखपत्र. बुकिंग करताना मी माझ्या नावापुढे पासपोर्टचा नंबर टाकला होता. पासपोर्ट कुठे? फैजपूरला, आईनं "हरवायला नको" म्हणून गव्हाच्या कोठीत ठेवलेला. पहाटे फाटकावर, थंडी मी म्हणत असताना, खिशातून एकेक कार्ड काढत होतो आणि खिडकीतला माणूस शांतपणे मान हलवत होता. आमच्या मागची जिप्सी गेली. तिच्या मागचीही गेली. शेवटी गाडीच्या कप्प्यात, पीयूसीच्या कागदाखाली, सिमकार्डासाठी काढलेली पासपोर्टची झेरॉक्स सापडली. त्यानं ती, माझा चेहरा आणि आप्पांचा चेहरा, असं तिन्ही पाहिलं आणि "पुढच्या वेळी असं चालणार नाही" म्हणून सोडलं. चाळीस मिनिटं गेली. चूक माझीच, पण बायकोनं ती चाळीस मिनिटं अजून संपू दिलेली नाहीत.

आत गेल्यावर काकांचं खरं निघालं. पानांमागे काय आहे ते पानांनाच ठाऊक. पहिला तास काहीही नाही. लंगूर, मोर, आणि दूरवर एक भेकर, तेही पाठमोरं. गाईड कोरकू मुलगा, विशी-बाविशीचा. तो आमच्यासारखा जंगलाकडे बघतच नव्हता, जिप्सीच्या पुढे रस्त्याच्या धुळीवर नजर ठेवून होता. एके ठिकाणी थांबवलं. धुळीत ठसा, माझ्या पंजाएवढा, कडा अजून न ढासळलेल्या. "रात्रीचा नाही, पहाटेचा," तो म्हणाला. म्हणजे मी फाटकावर खिसे चाचपत होतो तेव्हाचा! बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी जंगलाकडे पाहिलं.

मग दरीतून सांबराचा आवाज आला. एकच, "पोंक्". इंजिन बंद. पुन्हा एकदा. कुठे तरी लंगूर खाकरला. लेकीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. आम्ही पंधरा-वीस मिनिटं तसेच बसलो. सागाचं एक वाळकं पान खाली पडलं तर त्याचा केवढा आवाज! वाघ आला नाही. तिथेच होता, याबद्दल मात्र गाईडला शंका नव्हती, आणि आप्पांनाही. "त्यानं आपल्याले पाहिलं, तिकीट त्याचं वसूल झालं," म्हणाले.

परतताना गवे. पाच, त्यातला एक बैल रस्त्याला लागून. असलं धूड मी म्हशीतही पाहिलेलं नाही. काळं तुळतुळीत अंग, आणि गुडघ्यापासून खाली पांढरं. लेक कुजबुजली, "बाबा, यानं स्कूलचे मोजे घातलेत."

आणि एक गोष्ट, जी मी शोधत नव्हतो. फाटक जवळ आलं तेव्हा साडेनऊ झाले असतील, चांगलं ऊन होतं. निष्पर्ण फांदीवर एक बुटकं घुबड उघड्यावर बसलेलं. शेपूट डावी-उजवीकडे झटकत होतं. मी म्हटलं, पिंगळा आहे, आमच्या विहिरीवरही असतो. गाईड पहिल्यांदा हसला. "साहेब, डोकं बघा. ठिपके नाहीत. हा रानपिंगळा." आणि त्यानं गाडी दहा मिनिटं थांबवली, स्वतःसाठी. वाघाच्या ठशापाशीही तो एवढा खुलला नव्हता. मला काही कळेना. कुणी सांगाल का काय भानगड आहे?

प्रेषक: शहादेकर
विषय: उत्तर: जाऊन आलो

मी या लिस्टवर दोन वर्षं नुसता वाचतोय, पण आता गप्प राहवत नाही. भो, तुम्ही आमच्या गावचा पाहुणा पाहून आलात आणि विचारता भानगड काय!

ह्यूम नावाच्या इंग्रजानं १८७३मध्ये या पक्ष्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं आपल्या खानदेशातून काही मारून नमुने पाठवले, शेवटचा १८८४मध्ये. त्यानंतर पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, बाकी काही नाही. मेलाच असं लोक धरून चालले होते.

आता गंमत बघा. त्या सातांतलं एक कातडं माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलनं १९१४मध्ये गुजरातेत मिळवलं म्हणून नोंदलेलं. ते चक्क खोटं निघालं. डेव्हिडसनचाच खानदेशी नमुना त्यानं लंडनच्या संग्रहालयातून ढापला, पुन्हा पेंढा भरला आणि चिठ्ठी बदलली. शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून नको तिथे हिंडले. आपला पक्षी, चोरला साहेबानं आणि नाव गुजरातचं!

पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी कातडी तपासून ती लबाडी पकडली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर दोन सोबत्यांना घेऊन इकडे आल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला, सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर तो बसलेला. ११३ वर्षांनी. नंतर तो तोरणमाळकडे, यावलच्या जंगलात आणि मेळघाटातही सापडला. यावल तर तुमच्या घराशेजारी.

प्रेषक: क्रुगरकाका
विषय: उत्तर: उत्तर: जाऊन आलो

बरं, हरलो. पण जुलैत तुम्ही सगळे माझ्याबरोबर क्रुगरला. तेव्हा तिकडे थंडी, गवत वाळलेलं, सगळं दिसतं. पासपोर्ट मी माझ्या खिशात ठेवीन. वेफर्सचं लक्षात आहे ना?

प्रेषक: फैजपूरवाला
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: जाऊन आलो

वेफर्स घेतले, मिरीचे.

शहादेकरांची मेल काल रात्री आप्पांना वाचून दाखवली. चोरीच्या भागाला त्यांनी दोनदा थांबवलं आणि साहेबाला लेवा बोलीत जे म्हणाले ते लिस्टवर लिहिता येत नाही. आज दिवेलागणीला ते कुठे दिसेनात. आई म्हणाली, बॅटरी घेऊन मळ्यात गेलेत, लेकीलाही नेलंय. अर्ध्या तासानं आले. विहिरीवरच्या निंबावरचा पिंगळा पाहून आले होते.

"ठिपके आहेत," आप्पा म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.