उजनीचं पाणी गोडं, तिथे रेडियल लागतील
शिडाच्या होडीवर रेडिओ संच लावताना बॅकस्टेला (डोलकाठीच्या टोकापासून होडीच्या मागच्या टोकाला ताणलेल्या तारेला) दोन इन्सुलेटर (वीजरोधक तुकडे) लावून त्याचाच अँटेना करायचा, असं एकाने सुचवलंय ते पटलं. खालचा इन्सुलेटर मात्र डोक्याच्या वर हवा. प्रेषण चालू असताना तारेला हात लागला तर भाजतं. पण ‘अर्थिंग पाण्यातच मिळेल’ हे त्याचं म्हणणं उजनी धरणाच्या पाण्याला लागू पडत नाही. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला 4 ते 5 सीमेन्स, गोड्या पाण्याची सहसा त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी.

म्हणून आम्ही सोलापूरकर उजनीत, भीमेच्या बॅकवॉटरला 7 मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची, म्हणजे साधारण 10 मीटरची इन्सुलेटेड तार डेकच्या कडेकडेने फिरवतो; अर्थिंगच्या जागी वापरायची हीच तार म्हणजे रेडियल. ती जोडली की ट्यूनर (संच आणि अँटेना जुळवून देणारं उपकरण) पटकन जुळतो. आणि एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की आधी अँटेनाची केबल काढा, डोलकाठी खाली घ्या आणि काठाला या.