‘पिच’मध्ये आवाज किती? स्पेलिंग शिकलेल्या मुलांचे कान

चांदणवेल: माझी मुलगी सेमी-इंग्रजी शाळेत दुसरीत शिकते. शब्दातील आवाज सुटे करून तेवढ्या टाळ्या वाजवायच्या, असा खेळ आम्ही घरी खेळतो. ‘रिच’ या इंग्रजी शब्दाला ती तीन टाळ्या वाजवते, पण ‘पिच’ला चार, आणि त्यातला ‘ट’ आपल्याला स्पष्ट ऐकू येतो असे ठामपणे सांगते. मराठीतील ‘घर’ला मात्र दोनच टाळ्या. तिचे कान तपासून घ्यावेत, की शिकवण्यात काही राहून गेले आहे?

ध्वनिवेध: ताई, केवळ एवढ्यावरून कानांविषयी शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही. लिनिया एरी आणि ली विल्स या अमेरिकी संशोधकांनी 1980 साली चौथीच्या मुलांपुढे हीच जोडी ठेवली होती. दोन्ही शब्दांचा शेवट बोलताना सारखाच होतो, तरीही ‘पिच’च्या स्पेलिंगमध्ये ‘टी’ लिहिला जात असल्यामुळे मुलांनी त्यात एक आवाज अधिक मोजला. याची दुसरी बाजू मला अधिक रंजक वाटते. शाळेत जाण्यापूर्वी स्वतःच्या मनाने स्पेलिंग रचणाऱ्या मुलांचा अभ्यास चार्ल्स रीड यांनी 1971 साली प्रसिद्ध केला. त्यातली काही मुले ‘ट्रक’ची सुरुवात ‘सीएच’ने करत. इंग्रजीत ‘र’च्या आधीचा ‘ट’ खरोखरच ‘च’कडे झुकतो, आणि स्पेलिंग पाठ झालेल्या मोठ्यांना ते सहसा जाणवतही नाही.

पाटीपेन्सिल: मी पहिली-दुसरीला शिकवते. ‘घर’ला दोन टाळ्या देणारी मुले वर्गात नेहमीच असतात, कारण त्यांना लिहिताना दोन अक्षरे दिसतात. ‘घ’मध्ये दडलेल्या ‘अ’ला वेगळी खूण नाही, आणि शेवटचा ‘र’ बोलताना अकारान्त राहत नसला तरी लिहिला पूर्णच जातो. कन्नड लिपीची घडणही अशीच आहे. तिथल्या मुलांवरील सोनाली नाग यांच्या 2007 च्या अभ्यासात अक्षराच्या पातळीवरची जाण लवकर आली, सुट्या ध्वनींची मात्र सावकाश. तेव्हा आपल्या मुलीच्या दोन टाळ्यांना मी तरी चूक म्हणणार नाही.

उंबरठा: याचा अर्थ लिपी येण्यापूर्वी माणसाला सुटे ध्वनी कळतच नाहीत, असा घ्यायचा का?

ध्वनिवेध: शब्दांमधला फरक कळतो, नाहीतर बोलणेच शक्य झाले नसते. एक ध्वनी जाणीवपूर्वक काढणे किंवा जोडणे मात्र वेगळे. पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना ते फार जड गेले, असे जोसे मोराइस आणि सहकाऱ्यांना 1979 साली आढळले. चीनमध्ये 1986 च्या अभ्यासात केवळ चित्रलिपी जाणणाऱ्या प्रौढांचीही तीच गत झाली, तर रोमन अक्षरांतील पिनयिन शिकलेल्यांना ते जमले. त्यामुळे वाचनापूर्वी ध्वनिजाणीव पक्की झालीच पाहिजे, हा आग्रह मला एकांगी वाटतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना वाढवतात.

चांदणवेल: मनःपूर्वक आभार. मग हा खेळ पुढे कसा चालवावा?

पाटीपेन्सिल: शब्द लिहून दाखवू नका, तिला अजून वाचता न येणारे शब्द किंवा निरर्थक शब्द तोंडी द्या. मराठीत ‘चार’ आणि ‘चारा’ यांचे पहिले आवाज सारखे आहेत का, हेही विचारा. उच्चार ती अचूक करत असेल, पण दोन्हीकडे एकच ‘च’ लिहिला जात असल्याने उत्तर बहुधा ‘सारखे’ येईल. तेव्हा लगेच सुधारू नका. दोन्ही शब्द सावकाश म्हणायला लावून जीभ कुठे टेकते ते तिलाच शोधू द्या.