सिव्हिलच्या पोरांना आधी पायथॉन की ओळंबा?

जुळे_सोलापूरकर:
गेल्या आठवड्यात एका कॉलेजात प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक होतो. मिक्स डिझाइनवर, म्हणजे काँक्रीटमध्ये काय किती घालायचं या हिशेबावर, चार पोरं होती. एम २५ म्हणजे २५ ताकदीचं (न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) काँक्रीट; त्याचं टार्गेट ३१.६ बरोबर काढलेलं. विचारलं, २५ मध्ये १.६५ गुणिले ४ मिळवलंत, हे १.६५ आलं कुठून? चौघंही गप्प. एक म्हणाला, "सर, कोडमध्ये आहे."

शंभरातल्या पाचाहून जास्त चाचण्या २५ च्या खाली जाऊ नयेत म्हणून तो आकडा. आणि ४, म्हणजे निकाल किती खालीवर होतात त्याचं माप (प्रमाण विचलन), हा तर गृहीत धरलेला. आपल्याच काँक्रीटचे निदान ३० निकाल हाताशी असतील तर तो आपला आपण काढायचा. हे संख्याशास्त्र आहे, आणि पोरं ते गणिताच्या पेपरात पास होऊन विसरलेली असतात.

माझं म्हणणं, दुसऱ्या वर्षापासून लॅबच्याच आकड्यांवर पायथॉनमध्ये कोड लिहायला शिकवा. उजनीचं घ्या. 'वजा वीस टक्के' असं आपण पेपरात वाचतो. एकूण साठा ११७ टीएमसी, उपयुक्त ५३ च्या आसपास, बाकी मृतसाठा; पाणी त्यात उतरलं की टक्के वजा. रोजची पातळी, विसर्ग, बाष्पीभवन मांडून शहराला पाणी कधीपर्यंत पुरेल हे सोलापूरच्या पोराला काढता आलं पाहिजे.

सेंट्रिंगवाला:
साहेब, मला नाही पटत. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा माझ्याकडे इंटर्नशिपला होता. कॉम्प्युटरवर झकास फुटिंग (खांबाखालचा पाया) काढून आणली. मातीची धारणक्षमता २०० (किलोन्यूटन प्रति चौरस मीटर) धरलेली. का रे बाबा? तर जुन्या फाइलमध्ये तीच होती! आमच्या प्लॉटवर सात फूट काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम किती खाली लागला, हे त्यानं खड्ड्यात उतरून बघितलंच नव्हतं. चार वर्षं तेवढीच असतात ओ. पायथॉन घातलं की साइटचेच तास कापणार.

जुळे_सोलापूरकर:
दादा, तो पोरगा चुकला तो आकडा कुठून आला हे न विचारल्यामुळे. मी तेच तर शिकवा म्हणतोय. आज सॉफ्टवेअर म्हणून नुसती बटणं शिकवतात.

शेवटचं_वर्ष:
दोघांचीही माफी मागून बोलतो. आमच्या जर्नलमधले क्यूबचे, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे फोडून काढायच्या ताकदीचे, आकडे मागच्या बॅचचे असतात, त्यांचे त्यांच्या आधीच्या. मी तीन वर्षांची जर्नल्स एक्सेलमध्ये टाकली. सातव्या दिवशी फोडलेल्या क्यूबचे आकडे दशांशासकट तेच. क्यूब दाबून फोडायला यूटीएम मशीन आहे, पण आम्ही सगळ्यांनी मिळून एकच क्यूब फुटताना पाहिला. सर, पायथॉन मला यूट्यूबवर येतं. खरे आकडे कुठून आणू?

सेंट्रिंगवाला:
घ्या! हेच म्हणतोय मी. आधी क्यूब फोडा, मग कोड लिहा.

जुळे_सोलापूरकर:
पण दादा, ही चोरी एक्सेलमुळेच सापडली ना? एवढी वर्षं जर्नल तपासून सह्या होत होत्या, तेव्हा कोणाच्या लक्षात आलं? तुमच्या स्लॅबचे क्यूब या पोरांना द्या. हिशेब मी शिकवतो.

सेंट्रिंगवाला:
कोर्सात घालायला माझा विरोध आहे तो आहेच. पण क्यूब देतो. विजापूर रोडच्या साइटवर शुक्रवारी स्लॅब आहे, सकाळी सातला. भरायला पोरांनी स्वतः यायचं. तीन थर, दर थराला पस्तीस ठोके, सळई त्यांच्याच हातात. आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायलाही तीच पोरं पाहिजेत.

शेवटचं_वर्ष:
काका, आम्ही सहा जण येतो.