मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला चाललीय, महिन्याचा खर्च किती धरावा?

परभणीचा_बाप:
नमस्कार मंडळी. मुलीला कॅप राऊंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) पुण्यात कॉम्प्युटरला नंबर लागलाय, आम्ही ओबीसी, माझं छोटं दुकान आहे, वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या आत. फी माफ आहे म्हणतात पण राहणं खाणं धरून महिन्याला किती लागतील आणि हातात किती ठेवून पाठवावं? धाकटा दहावीला आहे, त्याचाही क्लास चालू आहे.

सेकंड_इयर_मेकॅनिकल:
काका, मी कॉट बेसिसवर राहते, म्हणजे भाडं एका खाटेचं, तिघी एका रूममध्ये, ४५०० भाडं आणि मेस ३२००. वरचा खर्च धरून दहा हजारात भागतं. पण पहिला महिना वेगळा असतो, डिपॉझिट, गादी, बादली, अॅप्रन सगळं एकदमच येतं त्यामुळे २५ हजार तरी वेगळे ठेवा. ड्राफ्टर म्हणजे ड्रॉइंगचं साधन नवीन घेऊ नका, ड्रॉइंगचा विषय संपला की सीनियर मुली अर्ध्या किमतीत देऊन टाकतात, पुस्तकंही जुनी अप्पा बळवंत चौकात मिळतात. आणि मेसवाल्या काकूंना खाडा कसा धरतात ते पहिल्याच दिवशी विचारायला सांगा. आमच्याकडे सलग चार दिवस गावी जाणार असं आधी सांगितलं तरच पैसे कापतात, दिवाळीच्या सुट्टीत त्याने बराच फरक पडतो.

दाखले_आधी_काढा:
दादा, फीचं नीट समजून घ्या. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. हॉस्टेल, मेस त्यात येत नाही, डेव्हलपमेंट फी पण येत नाही, म्हणून कॉलेजकडून फीचा तपशील लेखी घ्याच. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, फॉर्म दरवर्षी भरायचा, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमीलेयरचा दाखला आत्ताच काढून ठेवा, सगळे एकदम पळतात तेव्हा फार हाल होतात. मुलीचं बँक खातं आधारशी जोडलंय का तेही बघा, नसेल तर येणारे पैसे अडकतात.

परभणीचा_बाप:
डेव्हलपमेंट फीचं कोणीच सांगितलं नव्हतं, उद्याच कॉलेजला फोन लावतो. मग लॅपटॉपसाठी कर्ज काढावं का?

दाखले_आधी_काढा:
माझ्या मते लगेच नको. पहिल्या वर्षी कॉलेजच्या लॅबवर बऱ्यापैकी काम होतं, दुसऱ्या वर्षी खरी गरज पडते, तोपर्यंत पोस्टात दरमहा आरडी टाका. जास्त रक्कम लागलीच तर सावकार किंवा पतसंस्थेआधी बँकेत एज्युकेशन लोनची चौकशी करा, ४ लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत आणि हप्ते शिक्षण झाल्यावर चालू होतात.

सेकंड_इयर_मेकॅनिकल:
विद्यापीठाची कमवा व शिका योजना तुमच्या कॉलेजात चालते का तेही विचारा काका, माझी रूममेट लायब्ररीत काम करून स्वतःचा रिचार्ज आणि झेरॉक्स भागवते. आणि तिला पैसे एकदम पाठवू नका, भाडं आणि मेस एक तारखेला, बाकीचे पंधरा दिवसांनी, म्हणजे तिला स्वतःचा हिशोब लावायची सवय लागते.