सीएनसी राउटरचे स्टेपर ड्रायव्हर बदलायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्याजवळ नऱ्ह्यात माझं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरने चालणारं लाकूड कोरायचं मशीन) कामं करतो. देवघराच्या जाळ्या, नेमप्लेट आणि आषाढ लागला की गणपतीची मखरं. २०१८ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून एमडीएफच्या मखरांना मागणी बरी असते. मशीन नेमकं याच दिवसांत रुसलंय.

मशीन सेकंडहँड. तीन अक्ष, नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने, म्हणजे स्टेपने फिरणाऱ्या; ३ अँपिअर, चार वायरी), ५ मिमी लीडचे बॉलस्क्रू (एका फेरीत ५ मिमी सरकवणारे), कटर फिरवणारा २.२ किलोवॅटचा स्पिंडल व्हीएफडीवर (वेग बदलणारा ड्राइव्ह). जुन्या डेस्कटॉपच्या पॅरलल पोर्टवर मॅक ३ (मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) चालतं. मोटरांना २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मायक्रोस्टेप ८ (एका स्टेपचे आठ भाग). तिन्ही अक्षांना मिळून एकच निळा ड्रायव्हर बोर्ड (मोटरांना करंट देणारा), टीबी६५६० चिपवाला.

पहिला अर्धा तास काम छान होतं. मग वाय अक्ष गुपचूप सरकायला लागतो. जाळीची नक्षी दोन-तीन मिलिमीटर हुकते, प्रोग्रॅम संपून शून्यावर आलं तरी स्पिंडल खुणेवर बसत नाही. एक्स, झेड ठीक. कपलिंगचे ग्रब स्क्रू आवळले, रेल साफ केल्या. सप्लाय बंद करून एक्स-वायच्या मोटरांचे कनेक्टर अदलाबदल केले, तर चूक बोर्डावरच्या वायच्याच चॅनेलवर राहिली. म्हणजे मोटर आणि स्क्रू चांगले आहेत. त्या चॅनेलच्या हीटसिंकला बोट लावून ठेववत नाही. करंट ७५ टक्क्यांवर आणला तर सागवानात मोटर अडकते.

विचार असा आहे की बोर्ड काढून प्रत्येक अक्षाला वेगळा ड्रायव्हर लावावा. तुळशीबागेजवळच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं) ‘टीबी६६००’ लिहिलेले स्वस्तात दाखवले. डीएम५४२ महाग पडतात. फरकाचे पैसे वसूल होतात का? आणि २४चा सप्लाय चालेल की थेट ४८चा घेऊ?

— रंधा_नऱ्हे

भोसरीवाला: दादा, पैसे काढायच्या आधी एक तपासा. तुम्ही कनेक्टर बोर्डाच्या पुढे बदललेत, पण मॅक ३मधली स्टेप पिनची ‘अ‍ॅक्टिव्ह लो’ खूण (सिग्नल उलटा धरायची) अक्षागणिक वेगळी लावता येते. ती वायला उलटी असेल तर दिशा बदलताना एखादी स्टेप हरवू शकते. तुमच्याकडे मोटरच्या एका फेरीच्या २०० स्टेप गुणिले ८ भागिले ५ मिमी, म्हणजे मिमीला ३२० स्टेप. एक स्टेप गेली तर डोळ्याला दिसत नाही, पण जाळीत दिशा हजार वेळा बदलते, तिथे ३ मिमी सहज जातात. मशीन गार असताना हवेत नागमोडी प्रोग्रॅम चालवा आणि डायल गेज लावून शून्य बघा. मग तापल्यावर तेच पुन्हा. गार असतानाही हुकलं तर सेटिंग, तापल्यावरच हुकलं तर बोर्ड.

रंधा_नऱ्हे: आज केलं. गार असताना गेजचा काटा जागेवर आला. तापल्यावर दीड मिमीच्या आसपास फरक. खूणही तिन्ही अक्षांना सारखीच आहे.

जुना वायरमन: मग बोर्डच. त्या चिपची कमाल मर्यादा साडेतीन अँपिअरची, तीही क्षणभराच्या शिखराला. ३ची मोटर लावली म्हणजे ती कायम उंबरठ्यावर. फार तापली की स्वतःला वाचवायला आउटपुट सोडून देते, मोटर तेवढ्यात सैल पडते. कॉम्प्युटरला याचा पत्ताच नसतो, तो आपला मोजत पुढे जातो. पंखा लावून दोन दिवस ढकलता येतील, बस.

‘टीबी६६००’ नावाच्या स्वस्त डब्यांत बऱ्याचदा वेगळीच, कमी ताकदीची चिप निघते. हौशी मशीनला ठीक, पण ज्यावर पोट आहे त्यावर मी लावणार नाही. डीएम५४२च घ्या.

४८ नको! त्या ड्रायव्हरची हद्द ५०. जड गँट्री (स्पिंडल वाहणारा पूल) ब्रेक मारते तेव्हा मोटरच वीज उलटी ढकलते आणि व्होल्टेज वर चढतं. ३६ व्होल्ट, ३५० वॅटचा एसएमपीएस घ्या, तिन्ही अक्षांना पुरतो. २४वरही चालेल, पण वेगात जोर कमी पडेल. करंट ३.३२ अँपिअरच्या खाचेपासून सुरू करा, थांबल्यावर निम्मा होणारा स्विच तसाच ठेवा. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही उपटू नका, ड्रायव्हर जागीच जातो.

रंधा_नऱ्हे: काका, मोठं काम झालं. ब्रेकआउट बोर्ड (कॉम्प्युटरचे सिग्नल ड्रायव्हरला पोचवणारा) ५ व्होल्टचा आहे, मध्ये रेझिस्टर लागेल का?

जुना वायरमन: ५ला नाही. २४चा सिग्नल असता तर २ किलोओहमचा लागला असता. स्पिंडलची वायर शील्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) घ्या आणि मोटरच्या वायरींपासून लांबून न्या. मोटरच्या वायरींचं शील्ड कॅबिनेटच्या टोकालाच अर्थ करा, दोन्हीकडे नको.

भोसरीवाला: मॅक ३मध्ये स्टेप पल्स ५ मायक्रोसेकंद ठेवा. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते, दुपारपर्यंत ऑनलाइन आहे. चालू करायच्या आधी वायरिंगचे फोटो टाका, बघून सांगतो.