ड्रेडनॉटवर कोळसा कसा भरत?

दर्यावर्दी: १९०६ च्या 'एचएमएस ड्रेडनॉट' या ब्रिटिश युद्धनौकेत जास्तीत जास्त २,९०० टनांच्या आसपास कोळसा मावायचा. एवढा माल चढवायचे कसे? खलाशी सगळेच राबायचे का?

बंदरकर: जवळजवळ सगळेच, अधिकारीसुद्धा. आधी वायुवीजनाची तोंडं बंद करून तोफा कॅनव्हासने झाकायच्या, नाहीतर भुकटी थेट यंत्रांत जाते. कोळशाचं जहाज बाजूला लागलं की त्याच्या तळात उतरलेली माणसं फावड्याने पोती भरत. एक पोतं साधारण १०० किलोचं, दहाएक पोत्यांचा झेला डेरिकने (जहाजावरच्या यारीने) डेकवर यायचा. पुढे हातगाडीने कोठारांच्या तोंडाशी नेऊन उपडं करायचं. सर्वांत वाईट काम खालच्या ट्रिमरचं: अंधारात, धुळीत कोळसा कोपऱ्यापर्यंत सारायचा. तो मागे पडला की तोंडाखालीच ढीग साचतो आणि वरची सगळी रांग थांबते. शेवटी अख्खं जहाज धुऊन काढायचं.

बॉयलरवाला: आगीचाही धोका असे. हवा कोंडलेल्या कोठारात कोळसा आपोआप तापून आतल्या आत धुमसतो. असं कोठार आधी रिकामं करून तोच कोळसा भट्टीत घालणं हा खात्रीचा उपाय. बाजूच्या कोठारांतला कोळसा तोफगोळ्यांपासून थोडं संरक्षणही देई, हे विसरू नका. ड्रेडनॉटच्या १८ बॉयलरांत कोळशावर तेलही फवारत. फक्त तेलावर चालणाऱ्या 'क्वीन एलिझाबेथ' वर्गाच्या युद्धनौकांवर १९१५ पासून ही हमाली उरली नाही.

दर्यावर्दी: आभार! ट्रिमरचं काम इतकं मोक्याचं असेल असं वाटलं नव्हतं.